श्रावणातली सुकट

शारजात रोला चौकाच्या मागल्या गल्लीत लिनबाईचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं आपलं. चार टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि रस्त्याकडे तोंड करून एक मोठी कढई. बाई तैवानची. तिच्या देशात म्हणे असली खाणी रस्त्यावर गाडीवरच मिळतात. हिनं गाडीला भिंती घातल्या, एवढंच. आम्हा मराठी मंडळींना हे हॉटेल दाखवलं दत्तारामनं, आणि तेही डोळ्यांनी नव्हे, नाकानं शोधून.

दत्ताराम दाभोळकडचा. बिल्डिंगच्या साइटवर शटरिंगचा सुतार. उंचीनं बेताचा, आवाजानं दांडगा. 'यल्ला', म्हणजे अरबीत 'चला', म्हणाला तर तीन मजले खाली ऐकू जायचं. त्याचा जीव सगळा सुकटीत, आणि नेमकी आमच्या बिल्डिंगीत सुकट भाजायला बंदी. बंदीचं कारणही तोच. एका शुक्रवारी यानं तव्यावर सुकट टाकली, तर इजिप्तच्या वॉचमननं गॅस गळतोय समजून मेन गॅस बंद करून अख्खी बिल्डिंग खाली उतरवली! बायका, पोरं, एक म्हातारा तर दाढीचा साबण तसाच घेऊन खाली. दत्ताराम वर एकटाच भाकरी शोधतोय.

तर एका संध्याकाळी चालता चालता तो थबकला, माझा दंड धरला.

"अण्णा, सुकट!"

वासामागोमाग आम्ही लिनबाईच्या कढईपाशी. तिनं आतून सोनेरी चौकोनी वड्या काढल्या. सोयाबीनच्या दुधाचं पनीर, पाल्याच्या आंबट पाण्यात मुरवून तळलेलं. वर तिखट चटणी, बाजूला कोबीचं लोणचं. प्लेट पाच दिरहम. "म्हणजे पन्नास रुपये!" दत्ताराम ओरडला आणि खायला बसला. पहिला घास चावून म्हणाला, "सुकट नाही. पण सुकटीची चुलत बहीण आहे." तेव्हापासून पगार झाला की आमची तिथं फेरी ठरलेली.

पुढं शहाण्णव साली प्रभावतीवहिनी, म्हणजे त्याची बायको, व्हिजिट व्हिजावर आल्या. राहायला आमच्याकडेच, दत्तारामच्या खोलीत सगळे पुरुष, मी शाळेची बस चालवायचो, आमच्या दोन खोल्या होत्या. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण नवराबायको समोरासमोर बसून कधी जेवलेली नव्हती. गावी पुरुषांची पंगत आधी, बायका मागून. आमच्याकडेही त्याला वाढून मग वहिनी आमच्या हिच्याबरोबर आत बसायच्या. दत्तारामनं मनाशी धरलं होतं, एकदा बायकोला हॉटेलात न्यायचं, खुर्चीवर बसवायचं, तिला दुसऱ्या कुणी वाढायचं आणि आपण समोर बसून जेवायचं. पण वहिनी आल्या आणि श्रावण लागला. वहिनींचा श्रावण कडक. मासळी-मटण सोडाच, कांदा-लसूणही नाही. कुठल्याही हॉटेलचं नाव काढलं की "तिथं कांदा असतो", खलास!

नारळीपौर्णिमा उजाडली. दुसऱ्या दिवशी वहिनींचं विमान. संध्याकाळी मी दोघांना खाडीवर नेलं. वहिनींनी नारळ सोडला, हात जोडले. गाडीत त्यांच्या मांडीवर नारळीभाताचा डबा होताच. परतताना दत्तारामनं गाडी रोलाकडे घ्यायला लावली.

गल्लीच्या तोंडाशी वहिनींनी पदर नाकाला लावला.

"अहो, नारळीपौर्णिमेला मला सुकट खायला घालता?"

"अगं पनीर आहे ते!"

"पनीराला असा वास? भाऊजी, तुम्ही तरी खरं बोला."

"आईशप्पथ शाकाहारी, वहिनी."

"तुम्ही यांचेच दोस्त!"

दत्तारामचं तोंड उतरलं. तेवढ्यात लिनबाई झारा घेऊन बाहेर आली. दत्ताराम कसाबसा म्हणाला, "मॅडम नो मीट, नो फिश. नो अनियन, नो गार्लिक."

बाईनं झाऱ्यानं वरचा चंद्र दाखवला, मग स्वतःकडे बोट केलं. "मून बिग, मी सेम! नो मीट. अनियन, गार्लिक, खलास!" आणि वहिनींचं मनगट धरून त्यांना सरळ स्वयंपाकघरातच नेलं. आम्ही दारात उभे.

वहिनींनी एकेक झाकण उघडून पाहिलं. पनीराच्या बरणीत नाक घातलं. "आंबवलंय हो. आमच्या आंबोळीच्या पिठासारखं." तरी मन मानेना. मग त्यांना मागल्या दाराबाहेर स्टूल दिसलं. त्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली बरणी, शेजारी झाकलेली कांद्याची टोपली.

"हे काय?"

लिनबाईनं कागद जरासा उचलला. आत सुका जवळा! लगबगीनं कागद बंद केला, नळाखाली हात खसखसून धुतले, आणि मगच ती उंबरा ओलांडून आत आली.

वहिनी बघतच राहिल्या. त्यांच्या घरी श्रावणाच्या पहिल्या दिवशी सुकटीचा डबा असाच कागदात बांधून पडवीत जातो, आणि त्याला हात लागला तर हात धुतल्याशिवाय चुलीशी यायचं नाही.

"अहो," त्या वळून म्हणाल्या, "ही तर आपल्यातलीच की!"

आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या. लिनबाईनं दोन प्लेटी आणल्या, एकदमच ठेवल्या. वहिनींनी सवयीनं हात आवरला, यांचं होऊ दे म्हणून. बाई हलेनाच. "यल्ला, मॅडम!" वहिनींनी घास घेतला. मग दुसरा. दत्ताराम बघत बसला, त्याची प्लेट तशीच.

"जेवा की," वहिनी म्हणाल्या. "आणि हिच्याकडून याचं विरजण मागून घ्या, घरी नेते."

"विमान खाली उतरवतील तुझं! माझा अनुभव आहे."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. आता तो वासासाठी नव्हता. मग डबा उघडून त्यांनी नारळीभात लिनबाईच्या तळहातावर ठेवला. बाई उभ्यानंच खाऊ लागली.

"उभ्यानं खातात का? अहो, उठा, बसू दे तिला."

बाकीच्या खुर्च्या भरलेल्या. दत्ताराम प्लेट हातात घेऊन उठला. लिनबाई बसली.

"भात वाढा तिला," वहिनी म्हणाल्या.

त्यानं वाढला.

"आणि मलाही थोडा."