फळीवर न लिहिलेले औषध

एका हाती अमृतकलश आणि दुसऱ्या हाती जळू धारण करून जो देव सागरातून वर आला, त्या श्रीधन्वंतरीस प्रथम वंदन करतो. आज आश्विन वद्य त्रयोदशी. देवापुढे निरांजन लावून बसलो की दरवर्षी या दिवशी माझ्या मुलीच्या सासऱ्यांची, म्हणजे आमच्या व्याह्यांची आठवण येते. यंदा ती लिहून काढावी असे मनाने घेतले आहे. देवाने हात धरून खरे तेवढेच लिहवून घ्यावे, एवढीच प्रार्थना.

'नको' हा शब्द ज्यांच्या जिभेला विधात्याने दिलाच नव्हता, असे या भूतलावरचे एकमेव गृहस्थ म्हणजे आमचे व्याही. सुपे धरणाचे पाणी चढले तेव्हा त्यांचे मूळ घर आणि शेत काळी नदीखाली गेले. मग ते रामनगरला वस्तीस आले आणि एक जुनी जीप घेऊन रामनगर, गणेशगुडी, जोयडा अशी फेरी मारू लागले. जीप नऊ माणसांची होती. पण रस्त्यात हात केलेल्या माणसाला मागे ठेवणे त्यांच्या धर्मात बसत नसे. बावीस माणसे, दोन कोंबड्या आणि एक फणस घेऊन ती जीप जंगलातल्या वळणावर कण्हत असताना मी स्वतः तीत बसलेलो आहे. कोणी कुरकुरले तर ते म्हणत, "बसा की ओ, आपली जीप रबराची हाय." एकदा गणेशगुडीला एक म्हातारे जोडपे रस्त्यावर उभे दिसले, तेव्हा त्यांना जागा व्हावी म्हणून व्याही स्वतःच खाली उतरले. म्हातारा-म्हातारी ऐसपैस बसली, व्याह्यांनी बाहेरून दार लावले, आणि मग गाडी चालवायला आत कोणीच नाही हे हळूहळू सर्वांच्या ध्यानात आले.

अशा या माणसाच्या मानेत एका वर्षी सुपारीएवढी गाठ आली. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा तुकडा तपासायला पाठवला आणि तो कर्करोग निघाला. बाईंनी त्याच बैठकीत असेही सांगितले, की ही जात औषधाला ऐकणारी आहे. दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध द्यायचे, ज्याला किमो म्हणतात. असे सहा वेळा, आणि मध्ये खंड पडता कामा नये. सहा पुरे झाले तर हा माणूस वाचण्याची आशा चांगली आहे. आम्ही सर्वांनी ते ऐकले. विहीणबाईंनी पदराला गाठ मारून सहा हा आकडा लक्षात ठेवला.

बातमी जीपच्या वाटेने सर्वत्र गेली, आणि ज्यांना ज्यांना व्याह्यांनी कधीकाळी जीपमध्ये घेतले होते, ते सारे आपापले औषध घेऊन निघाले. रामनगरच्या एका निवृत्त मास्तरांनी सात ट्रेमध्ये गहू पेरून त्याच्या अंकुरांचा हिरवा रस सुरू केला. गणेशगुडीच्या धरणावरच्या एका फिटरने लोहचुंबकाचा पट्टा दिला आणि चुंबकावर रात्रभर ठेवलेले पाणी दिले. अणशीकडच्या एका गवळणीने गोमूत्र आणले. पोस्टमास्तरांनी होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या. बोटीवर नोकरीस असलेल्या भाच्याने परदेशी जीवनसत्त्वांच्या तीन बाटल्या आणि शार्क माशाच्या कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, भुकटी पाठवली. व्याही जन्माचे माळकरी. मी विचारले, "हे कसे चालते?" ते म्हणाले, "पावणं, मासा न्हवं. माशाचं हाड हाय. आन् लेकरानं समुद्रातनं पाठवलंय, माघारी कसं धाडू?"

इतकी औषधे ध्यानात राहीनात, म्हणून जीपवर गावांची नावे लिहिलेली जी लाकडी फळी होती, तिच्या पाठीमागे त्यांनी खडूने सारे वेळापत्रक लिहून काढले. त्यातही गंमत अशी, की देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत औषध घेतल्याशिवाय त्याला समाधान वाटणार नाही, अशी त्यांची समजूत. त्यामुळे दोन किमोंच्या मधल्या दिवसांत अंगात थोडी ताकद आली की ते जीप काढत आणि प्रत्येकाच्या दारापुढे थांबून, उतरून, पिऊन, तोंड पुसून पुढे जात. एकदा जोयड्याच्या कचेरीत निघालेली एक म्हातारी कावून म्हणाली, "आरं बाबा, साहेब उठून जाईल की! आनी किती ठिकाणी पिणार हाईस?" व्याही नम्रपणे म्हणाले, "मावशे, ह्यो शेवटचा. म्होरं नुसत्या गोळ्या हायत."

दुसऱ्या किमोनंतर डोक्यावरचे केस गेले. जीपमधल्या कोणीतरी हात जोडून विचारले, "तिरुपतीला जाऊन आला व्हय?" समोरच्याचा भाव मोडवेना म्हणून हे म्हणाले, "व्हय." दुसऱ्या दिवशी चार माणसे प्रसादाला घरी आली. विहीणबाईंना बुंदी पाडून लाडू वळावे लागले. मला हे कळले तेव्हा मी जरा रागावलोच. देवाच्या नावाने खोटे बोलणे बरे नव्हे, असे म्हणालो. ते शांतपणे एक लाडू माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "लाडू तर खरं हायत, पावणं."

येथवर मी हसत लिहिले. यापुढे लेखणी जड होते.

मी बालपणी काही वर्षे पाठशाळेत संस्कृत शिकलो. माझ्या गुरुजींनी अखेरच्या दिवसांत एक पोथी आणि तिच्यातले एक औषध मला दिले होते. एका मुळीची पूड आणि एक भस्म, मधातून. त्या औषधाचा दंडक असा, की देणाऱ्याने वा घेणाऱ्याने त्याचा उच्चार कोणापुढे करायचा नाही. उच्चार झाला की गुण जातो. आमच्या भागात मुळी देणारे पुष्कळ जण असे पाळतात. पहाटे स्नान करून, जप करून, मी ते पुडीत बांधले आणि व्याह्यांच्या हाती दिले. म्हणालो, "हे फळीवर लिहू नका. डॉक्टरांनासुद्धा सांगू नका." त्यांनी पुडी दोन्ही डोळ्यांना लावली. इतरांची औषधे त्यांनी भीड म्हणून घेतली असतील. माझे त्यांनी श्रद्धेने घेतले.

तीन किमो झाल्या. मानेतली गाठ बोटाला लागेनाशी झाली. मला त्यात माझ्या पुडीचा हात दिसला, हे कबूल करतो. चौथीसाठी गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. डोळे पिवळे झाले होते. रक्त तपासले, तर यकृत बिघडलेले. "या स्थितीत किमो देता येत नाही," त्या म्हणाल्या. "खरं सांगा, आणखी काय काय घेता?"

व्याही उत्साहाने उठले, बाहेर गेले आणि पिशवीतली फळीच घेऊन आले. बाईंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यांना आधी हसू आले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "अज्जा, ह्यातलं काही वाईट नसेल, काही असेल. मला ठाऊक नाही, तुम्हालाही ठाऊक नाही. तुमचं लिव्हर एक आणि ही औषधं अकरा. आजपासून फळीवरचं सगळं बंद. दोन आठवड्यांनी या."

व्याह्यांनी सारे बंद केले. प्रत्येकाच्या दारी जाऊन हात जोडून सांगून आले. मास्तरांना तर इतके वाईट वाटले, की यांनीच त्यांची समजूत घालत अर्धा तास काढला. पण माझी पुडी चालू राहिली. ती फळीवर नव्हती. बाईंनी तिचे नाव घेतले नव्हते. आणि जिचे नाव घेतले नाही ती त्यांनी बंद केली असे कसे म्हणावे?

दोन आठवड्यांनी मी स्वतः त्यांच्यासोबत बेळगावला गेलो. कावीळ वाढली होती. बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारले, "सगळं बंद केलंत?"

"व्हय."

"मग हे वाढतं कसं? आणखी काही आहे का?"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. फार नाही, एक श्वास घ्यावा तेवढाच वेळ. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. माझ्या मनात त्या क्षणी काय होते, ते आज पुरतेपणी सांगता येत नाही. गुरुजींचा शब्द होता. आपल्या हातून अपाय होणारच नाही, असा अहंकारही होता. आणि सगळे बंद झाल्यावर हेच एक उरले आहे, हेही काढून घेतले तर या माणसाला आधार कशाचा, अशी भीती होती.

"न्हाई बाई," व्याही म्हणाले. "काय न्हाई."

परतीच्या बसमध्ये खानापूर मागे पडल्यावर मी विचारले, "तुम्ही सांगितले का नाही?"

ते नवल वाटून माझ्याकडे वळले. "तुम्ही बसला हुता की म्होरं. तुम्ही बोलला न्हाई, म्हणून मीबी न्हाई बोललो. सुनेच्या बापाचं नाव परक्या बाईम्होरं कसं काढू?"

त्या वाक्याने मी हललो, तरी पुडी तात्काळ बंद करवली असे लिहिण्याचे पुण्य माझ्या पदरी नाही. मी आणखी नऊ दिवस पोथी चाळली, जप केला, गुरुजींच्या तसबिरीपुढे बसलो. दहाव्या दिवशी मुलगी माहेरी आली आणि म्हणाली, "अप्पा, मामंजींच्या मानेत परत काहीतरी लागतंय." तेव्हा मी उठलो, मिळेल त्या गाडीने रामनगर गाठले, पुडी काढून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी बेळगावला जाऊन डॉक्टरीणबाईंना मुळीचे आणि भस्माचे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा विचारून वहीत लिहून घेतले. त्या रागावतील, ओरडतील, अशी माझी अपेक्षा होती. तसे झाले असते तर बरे वाटले असते. त्यांनी फक्त विचारले, "किती दिवसांपासून?" मी सांगितले. त्यांनी तेही लिहिले.

ते नाव मी येथे लिहीत नाही. गुण जाईल म्हणून नव्हे. कोणी करून पाहील म्हणून.

पुडी सुटल्यावर डोळ्यांतला पिवळेपणा हळूहळू उतरला. पण किमोत अडीच महिन्यांचा खंड पडला होता आणि गाठ लिंबाएवढी झाली होती. चौथी दिली, पाचवी दिली. गाठ आता ऐकत नव्हती. खंड पडला नसता तर काय झाले असते, हे मी बाईंना एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "ते सांगता येत नाही, पंडितजी. खंड पडला, एवढंच मला ठाऊक आहे." सहावी दिलीच नाही.

शेवटच्या आठवड्यात दुपारी मी त्यांच्या खाटेजवळ बसलो होतो. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते घाईने ओढून घेतले. "पावणं, पाय धरून मला पापात घालू नका." मग दाराकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "पोराला आन् हिला त्या पुडीचं काय बोलू नका. तुमच्या लेकीला ह्या घरात राहायचं हाय." मी त्यांचे पांघरूण सारखे केले. त्यांना तो होकार वाटला असावा. चौथ्या दिवशी ते गेले.

तेरावा झाल्यावर मी विहीणबाईंना आणि जावयाला बसवून सर्व सांगितले. एकदा मौन पाळून जे केले, ते पुन्हा करण्याचे धैर्य मला झाले नाही. जावई उठून अंगणात गेला. विहीणबाई म्हणाल्या, "वाईट व्हावं म्हणून तुम्ही दिलं न्हाई, ते मला ठावं हाय. पण तुमच्याकडं बघितलं की मला त्यांचं पिवळं डोळं दिसत्यात. थोडं दिवस येऊ नका, पावणं."

त्या थोड्या दिवसांना आता चार वर्षे झाली. बोलावणे आलेले नाही, आणि न बोलावता जाण्याचा अधिकार मला उरला नाही. मुलीला त्या घरात कोणी एका शब्दाने दुखावले नाही. व्याह्यांची भीती तेवढी खोटी ठरली. ती सणावाराला येते. गेल्या खेपेस निघताना ती उंबऱ्यात थांबून म्हणाली, "अप्पा, सासूबाई परवा विचारत होत्या, तुमच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे म्हणून." मी म्हणालो, "काय सांगितलेस?" ती म्हणाली, "सांगितलं, डॉक्टरांच्या गोळ्या घेतात. त्यावर त्या म्हणाल्या, बरं झालं." एवढेच. मी ते वाक्य मनात पुष्कळदा उलटून पाहिले आहे. त्यात राग शोधला, तो सापडला नाही. क्षमा शोधली, तीही खात्रीने सापडली नाही.

वाचकहो, तुमच्या घरी आजारी माणूस असेल तर देव त्याला आयुष्य देवो. त्याच्यावर प्रेम करणारी माणसे पुष्कळ असोत, आणि त्यांनी आणलेल्या प्रत्येक पुडीचे नाव मोठ्याने उच्चारण्याची बुद्धी त्यांना होवो. औषध देणाऱ्याच्या मनी संकोच न राहो, घेणाऱ्याच्या मनी भीड न राहो. तुमचे घर, तुमची लेकरे, तुमच्या दारची गुरे आणि झाडे सुखी असोत. शुभं भवतु.