शिळं पाणी कुठे टाकतात?

जगाचा अंत मी एसीत बसून लिहिला. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या उन्हाळ्यात दुसरा इलाज नसतो. शनिवार-रविवार धरून तीन वर्षं लागली. भविष्यातलं एक शहर, चमच्याने मिळणारं पाणी, टाक्यांवर बंदुकांचा पहारा, आणि नावाऐवजी नंबर असलेला नायक. खरं तर मला त्याला नाव सुचत नव्हतं, पण नंबर दिला की कादंबरी गंभीर वाटते. सुरुवातीला समस्त मानवजातीला उद्देशून दीड पानाचं मनोगत होतं. दुसऱ्यांच्या सत्कारातल्या शाली पाहून मी आयुष्यभर हसलो, आणि स्वतःच्या पुस्तकाला मात्र लिहून होण्याआधीच शाल पांघरली.

विषयासाठी लांब जावं लागलं नव्हतं. आमच्या गावाला पाणी पर्थकडून पाइपलाइनने येतं. गाडीने सहा-सात तासांचा रस्ता. तेवढं अंतर कापून ते येतं आणि आमच्या मागच्या अंगणातल्या लिंबाला मिळतं. मी खाणीत यंत्रं बघतो, बायको हॉस्पिटलात पेशंट बघते, पाण्याकडे कोणीच बघत नाही. मी तेवढा लिखाणापुरता बघायचो.

या कादंबरीला मला एकच वाचक हवा होता : सासूबाई. पुण्यातल्या एका वाचनालयात त्यांनी चौतीस वर्षं काउंटर सांभाळला. पुस्तक कसं आहे असं त्यांना विचारलं, तर ते वेळेवर परत आलं की उशिरा, एवढंच त्या सांगतात. 'वेळेवर आलं' ही त्यांची सर्वांत कडक टीका. त्या सहा आठवडे राहायला आल्या तेव्हा मी सगळं बाड छापून, स्पायरल बाइंडिंग करून त्यांच्या उशाशी ठेवलं. त्यांना आवडलं तर प्रकाशकाकडे पाठवायचं, नाही तर गॅरेजमध्ये टाकायचं, असं मी बायकोला सांगितलं. तिने त्याच दिवशी गॅरेजमधला एक कप्पा रिकामा केला.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाईंच्या खोलीतून हसू ऐकू आलं. फोनवर असतील म्हणून डोकावलो, तर हातात माझी कादंबरी.

"कितव्या पानावर आहात, आई?"

"एकतीस. तो चारशे सात मरतो ते."

ते पान लिहिताना मी स्वतः रडलो होतो.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"अहो, मरेना का तो, माझी ना नाही. पण पाणी नाही म्हटल्यावर तुमच्या गावात कुणी भांडत कसं नाही? रांगेत कुणी कळशी मध्येच घुसवत नाही, शेजारणीला टोमणा मारत नाही. सगळे आपले क्षितिजाकडे बघत उभे! आणि ही माणसं शिळं पाणी कुठे टाकतात?"

"शिळं पाणी?"

"कालचं भरलेलं. सकाळी ओतून टाकत असतील ना?"

"आई, तिथे चमच्याने पाणी मिळतं."

"मिळू दे. आमच्याकडे दिवसातून अर्धा तास यायचं. तरी कालचं ओतून ताजं भरल्याशिवाय आमच्या मजल्यावर कुणी चहा टाकला नाही." त्यांनी केसांतला आकडा काढला, एकतिसाव्या पानावर खोचला आणि बाड मिटलं. "पडते जरा."

आकडा आठवडाभर तिथेच होता. मी रोज बघत होतो.

मग पत्रपेटीत एक चिठ्ठी आली. रस्त्याखालचा जुना पाइप बदलायचा असल्याने गुरुवारी सकाळी सात ते संध्याकाळी पाच आमच्या गल्लीचं पाणी बंद. ती वाचून सासूबाईंचा चेहरा जो उजळला, तो विमानतळावर आम्हाला बघूनही उजळला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी त्या पदर खोचून कामाला लागल्या. बादल्या, पातेली, कुकर, पिकनिकचा एस्की म्हणजे बर्फाची पेटी, शेवटी फुलदाणीसुद्धा. आमची दहा वर्षांची मुलगी मागे मागे फिरत होती. "आजी, इट्स ओन्ली टेन अवर्स!"

"दहा तास? मग अजून एक बादली आण."

प्यायचं पाणी ओट्यावर, दोन मोठ्या स्टीलच्या डब्यांत, झाकण घालून.

गुरुवारी मला सुट्टी होती. सव्वासातला चहा टाकायला उठलो. डब्याचं झाकण काढलं. कालचं पाणी. दोन्ही डबे सिंकमध्ये उपडे केले आणि विसळायला नळ सोडला. नळाने एक उचकी दिली आणि गप्प बसला.

मागे सासूबाई उभ्या होत्या.

"काय ओतलंत?"

"शिळं होतं," मी म्हणालो.

बायको हसून हसून खुर्चीतच वाकली. "तीन वर्षं! तीन वर्षं हा पाणीटंचाईवर लिहितोय!" सासूबाई ओट्याला धरून हसत होत्या. "बट इट कम्स फ्रॉम पर्थ," मुलगी म्हणाली, "इट्स ऑल ओल्ड." माझ्या आईला मी लहानपणापासून रोज सकाळी हेच करताना पाहिलं होतं; माझ्या हातांना तेवढंच ठाऊक होतं.

एवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. शेजारी खाणीतली रात्रपाळी करून परतला होता. सव्वासहा फूट उंच माणूस, टाळूपासून बुटापर्यंत तांबड्या धुळीने माखलेला. चिठ्ठी त्याने वाचलीच नव्हती. "मेट, पाणी आहे का?"

"आंघोळीचं भरपूर आहे. प्यायचं मी ओतून टाकलं."

का, ते त्याने विचारलं नाही. इथे लांब गाडी हाकणारा प्रत्येक जण पाण्याचा कॅन बरोबर ठेवतो. त्याने त्याच्या यूटच्या, म्हणजे छोट्या ट्रकसारख्या गाडीच्या, हौद्यातून वीस लिटरचा कॅन काढला आणि कुंपणावरून दिला. बदल्यात सासूबाईंनी एक बादली आणि एक मग पुढे केला.

"त्यांना सांगा, आधी अंग ओलं करायचं, मग साबण, मग बाकीचं. पाय शेवटी."

मी भाषांतर केलं. "नो वरीज," म्हणत तो आमच्या बाथरूममध्ये शिरला. पाच मिनिटांनी आतून आरोळी आली, "हाफ लेफ्ट!" तो बाहेर आला तेव्हा माणसाच्या रंगाचा झाला होता, आणि उरलेलं पाणी त्याने करंडक धरावा तसं धरलं होतं. सासूबाईंनी वाकून बादलीत पाहिलं.

"पहिल्याच वेळी? बरं आहे."

बातमी गल्लीभर झाली आणि दुपारपर्यंत आमच्या दारात रांग लागली. मुलगी फूटपट्टी घेऊन बाथरूमबाहेर उभी राहिली आणि प्रत्येकाचं उरलेलं पाणी मोजायला लागली. शेजाऱ्याने सगळ्यांना पाय शेवटी धुवायचे असतात हे जन्मापासून ठाऊक असल्यासारखं समजावलं. समोरच्या घरातल्या पंचाहत्तरीच्या बाई पातेलं घेऊन आल्या आणि सरळ सगळ्यांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ओय! रांग आहे इथे!" शेजारी ओरडला.

"तू तर आंघोळ केलीस ना? मग तू का रांगेत?" बाईंनी सुनावलं.

सासूबाईंनी माझा दंड पकडला. "बघा, घुसली!" इतक्या आनंदाने त्या म्हणाल्या, की मला माझं एकतिसावं पान आठवलं आणि लाज वाटली.

पाच वाजता नळ परत आला. कुणी लक्ष दिलं नाही. आमच्या अंगणात बार्बेक्यू नुकताच पेटला होता.

त्यानंतर मी मनोगत फाडलं आणि एकतीसपासून पुढे सगळं नव्याने लिहिलं. आता चारशे सात मरत नाही. शिळं पाणी ओतताना पकडला जातो. पहारेकऱ्यांचा प्रमुख दार लावून घेतो आणि हळूच विचारतो, "किती जुनं होतं?" "कालचं." "मग बरोबर आहे," प्रमुख म्हणतो. नवं बाड मी सासूबाईंच्या बॅगेत ठेवलं. त्यांनी जुन्यातला आकडा काढून नव्यात, त्याच पानावर खोचला, आणि त्या पुण्याला गेल्या.

तीन आठवडे काही बोलल्या नाहीत. शेवटी मीच फोन करून विचारलं. "आई, कादंबरी वाचलीत?"

"विमानातच संपवली. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिली. त्यांनी बहिणीला दिली, आणि ती बहीण आता फोनच उचलत नाहीये. माझा आकडासुद्धा त्यातच गेला."

"म्हणजे वेळेवर परत आली नाही?"

"नाही ना!" त्या वैतागून म्हणाल्या.

त्याच दुपारी मी प्रकाशकाला पाकीट पाठवलं. गॅरेजमधल्या रिकाम्या कप्प्यात बायकोने बादल्या ठेवल्या आहेत.