मांडीवरची फाईल

सरकारी कागदालाही जीव असतो, त्यालाही प्रवासाचा शीण येतो, यावर मनापासून विश्वास असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या अक्काचे सासरे. देवणीकडच्या एका खेड्यात त्यांची थोडी शेती होती. पण खरा उद्योग एकच, गावच्या नळयोजनेच्या अनुदानामागं हिंडणं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. कचेरीत जाताना धोतर धुतलेलं, टोपी कडक आणि पिशवीत गावच्या विहिरीतल्या गढूळ पाण्याची बाटली. ती साहेबाच्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "घ्या साहेब. पाहुण्याला दिल्याबिगर आमी पीत न्हाई." एक साहेब भिडेखातर घोटभर प्यायला म्हणे, आणि अर्ज त्याच दिवशी पुढच्या टेबलावर सरकला.

मग दुष्काळ पडला, विहिरीनं तळ दाखवला आणि त्यातच लातूर वेगळा जिल्हा झाला. लातूरला म्हणत, "तुमची फाईल जुन्या जिल्ह्यातून आलीच नाही." जुन्या जिल्ह्यात म्हणत, "तुम्ही आता आमचे नाही." अक्काला तेव्हा सातवा महिना होता. नदीच्या वाळूत झरा उकरून ती वाटीवाटीनं घागर भरायची. लग्न ठरवताना मामांनी आमच्या वडिलांना शब्द दिला होता, "पोरीला पाण्यासाठी लांब धाडणार न्हाई." एका दुपारी ती डोक्यावरच्या घागरीसकट पडली. पोटातलं बाळ वाचलं. पण मामा दोन दिवस सुनेसमोर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी बांधून ते जुन्या जिल्ह्याला गेले आणि जुन्या फायलींच्या खोलीपुढं ठाण मांडून बसले.

"काय करायलात इथं?" शिपायानं विचारलं.

"आमच्या गावचं माणूस हाय आत. न्यायला आलोय."

चौथ्या दिवशी कारकुनानं वैतागून त्यांनाच आत सोडलं. संध्याकाळपर्यंत गठ्ठे उपसून मामांनी फाईल शोधली, उपरण्यानं तिचं तोंड पुसलं. कारकुनानं रीतसर नोंद करून, लाखेची मोहर लावून ती त्यांच्याच हवाली केली. एसटीत तिला मांडीवर घेऊन ते कंडक्टरला म्हणाले, "एक पुरं, एक अर्धं." कंडक्टर हसला, "काका, मांडीवरच्या लेकराला तिकीट न्हाई लागत."

अनुदान मंजूर होऊन नळ आला, तोवर अक्काची मुलगी चालायला लागली होती. सगळं गाव नळापाशी गोळा झालेलं. मामा एकटे ओसरीवर. अक्कानं भरली घागर त्यांच्यापुढं ठेवली.

"लई उशीर झाला गं, पोरी."

"आलं न्हवं, मामा?" ती म्हणाली. तेव्हा कुठं त्यांनी वर पाहिलं.

पुढं घरात नळ आला, तरी मामांची अंघोळ अर्ध्या बादलीतच. सुनेनं बादली भरायला घेतली की आतूनच ओरडायचे, "बास, बास! अर्धी!" ते गेले त्या सकाळी त्यांच्या शेवटच्या अंघोळीला अक्कानं दोन बादल्या काठोकाठ भरल्या. भरून झाल्यावरही बराच वेळ ती नळापाशी कान देऊन उभी होती.