मागचे पाय

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली, आणि मला त्याचा अभिमान होता. आजही आहे. म्हणूनच सुतारकाम करणाऱ्या माझ्या वडिलांनी, आबांनी, सहा विलायती खुर्च्यांची मापं घ्यायचं काम माझ्यावर टाकलं.

नमुना म्हणून ठाण्याच्या एका बाईंनी जुनी खुर्ची आणून ठेवली होती. इंग्रजांच्या खेड्यातल्या घरात जेवणाच्या टेबलापाशी असते तशी, पाठीला शिडीसारख्या आडव्या पट्ट्या, बैठक वेताची. "एक जरी निराळी वाटली तर सहाही परत," असं बजावून त्या गेल्या होत्या.

नमुन्याचे मागचे दोन पाय पुढच्यांपेक्षा अर्धा इंच आखूड होते. मी म्हटलं, "झिजलेत."

"झिजले असते तर कड गोल झाली असती, बाय. ही कड उभी हाय," आबा म्हणाले.

"आबा, खुर्ची म्हणजे चारी पाय सारखे. एवढं मला कळतं."

आबांनी माझीच मापं धरली. सहाही खुर्च्यांचे चारी पाय सारखे झाले.

बाई न्यायला येणार त्या दुपारी शेजारच्या लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, कारागीर डबा घेऊन आला आणि गमतीनं नव्या खुर्चीवर जेवायला बसला. आम्ही सगळे जमिनीवर जेवणारे, टेकून कुणी बसलंच नव्हतं. दोन घास खाऊन तो म्हणाला, "चाचा, ये कुर्सी तो धक्का मारके उठा रही है. साहब लोग ऐसे खाते थे क्या?"

मी बसून बघितलं. पाठ टेकली की अंग पुढं घसरत होतं. नमुन्यावर बसले, तर मागं आरामात विसावलं.

आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. काटकोनाचा गुण्या लावला, रेघ ओढली, करवत घेतली. "धर."

सूतभर जास्त कापलं तर खुर्ची डुगडुगणार, आणि नवे पाय करायला ना लाकूड होतं ना वेळ. त्यात लूम चालू असले की आमची जमीनच थरथरायची, खुर्ची डुगडुगतेय की नाही ते समजायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत लूम बंद होते, तेवढाच अवधी. एकेक खुर्ची मी उलटी धरली, आबा मागचे पाय कापत गेले.

सहाव्या खुर्चीचा शेवटचा पाय कापून झाला आणि लूम सुरू झाले. पाठोपाठ बाई आल्या. एकेका खुर्चीवर बसल्या. मग एक उलटी केली. मागच्या पायाचं टोक पॉलिशविना कोरं होतं.

"हे आत्ता कापलंत?"

"कापायचं राहिलं व्हतं, बाई," आबा म्हणाले.

"राहिलं नव्हतं," मी म्हटलं. "आबांना आधीच बरोबर दिसलं होतं. मी ऐकलं नाही."

आबांची करवत हातातच राहिली. बाई नमुन्यावर बसल्या, पुन्हा नव्या खुर्चीवर बसल्या, पाठ टेकून थोडा वेळ तशाच राहिल्या.

"टोकांना पॉलिश मारा," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

आबांनी पॉलिशची वाटी माझ्याकडं सरकवली. बारा पाय होते. मी खाली बसले.