अक्का 'टाक' म्हणायची नाही

अक्काची सात पिल्लं मी मारली.

माशांची होती. पण तिच्यासाठी पिल्लंच. आज तिचं जलदान झालं, गेलेल्या माणसाच्या नावाने पाणी देण्याचा विधी, आणि हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाहीये.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. लातूर जिल्हा झाला तेव्हा आमचे बाबा कलेक्टर कचेरीत शिपाई लागले. बाबा गेल्यावर अक्का अनुकंपावर तिथंच क्लार्क झाली.
लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, अर्ज मागवलेत, छाननी चालू आहे.

एकदा हैदराबादला गेली आणि पिशवीत सहा मासे घेऊन आली. हिलस्ट्रीम लोच. डोंगरातल्या ओढ्यात राहणारा, बोटाएवढा, चपटा मासा. पोटाने दगडाला चिकटून बसतो. आम्ही त्यांना चिपकू म्हणायचो.

त्यांना गार पाणी लागतं. सतत वाहतं लागतं.
आणि हे आमच्या लातुरात.

मी म्हणालो, त्यापेक्षा उंट पाळ.

तिने ऐकलं नाही. टँकमध्ये दोन पंप लावले, दगडांना झाडं बांधली. उन्हाळ्यात बर्फाची बाटली सोडायची. गॅलरीत टबात गोटे ठेवायची, त्यावर शेवाळ धरलं की चिपकूंना जेवण.
तीन वर्षं झाली तरी पिल्लं काही होईनात.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. रेल्वेने पाणी आलं ते वर्ष.
घरात अंघोळीला माणशी एक बादली. शेजारचे काका आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "माणसाला प्यायला न्हाई, अन् हिचे मासे पोहायलेत."

अक्का उलट बोलली नाही. ती तीन दिवसांतून एकदा, तीही अर्ध्या बादलीत, अंघोळ करायची. एरवी ओल्या टॉवेलने अंग पुसून ऑफिसला जायची. वाचलेलं पाणी माशांचं.

त्याच उन्हाळ्यात पिल्लं झाली.

काच पुसता पुसता तिने मला हाक मारली. "बाळू, हा डाग बघ. डागाला डोळे हायत."

सात होती. कापलेल्या नखाएवढी. रोज मोजल्याशिवाय बाई ऑफिसला निघायची नाही. सहाच दिसली तर लेटमार्क ठरलेला.

मग तिला तीन दिवस ट्रेनिंगला नांदेडला जावं लागलं. टँकजवळ तिची एक बादली असायची, वर फडकं. पाण्यात क्लोरीनचं औषध असतं, ते माशांना सोसत नाही. दिवसभर पाणी भरून ठेवलं की ते उडून जातं.
हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "बाळू, ऊन लई हाय. टँक भर. बादलीतलं शिळं पाणी टाक."

आमच्या घरात शिळं पाणी टाकायचंच असतं. आई रोज सकाळी माठातलं शिळं पाणी टाकायची आणि ताजं भरायची. आम्ही ते बघतच मोठे झालो.

मी बादलीतलं पाणी भांड्यांना वापरलं. आणि त्याच सकाळी भरलेल्या ड्रममधून दोन घागरी ताजं पाणी टँकमध्ये ओतलं. घराचं प्यायचं पाणी.
मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

संध्याकाळी सातही पिल्लं वाळूवर पांढरी पडली होती. मोठ्यांतले चार गेले, दोन वाचले.

अक्का आली. खांद्यावरची बॅगही न काढता काचेसमोर बसली. पाण्यात बोट बुडवून वास घेतला.

मी म्हणालो, तूच म्हणालीस, शिळं टाक.

तिने बोट पुसलं.
"हाव," म्हणाली. "घाल म्हणायला पायजे होतं मी."

तिने चमच्याने एकेक पिल्लू काढलं आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. मग बाथरूममध्ये गेली आणि कित्येक महिन्यांनी पूर्ण बादलीने अंघोळ केली.
आता एवढं वाचवायचं कुणासाठी?
पाण्याचा आवाज मी बाहेर बसून ऐकला. तो अजून ऐकू येतो.

मला ती एका शब्दाने बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून 'टाक' म्हणणं बंद केलं.
चहात साखर घाल. मोबाइलमध्ये रिचार्ज घाल. फेसबुकवर फोटो घाल.
मावशी हसायची, हिचं मराठी बिघडलं म्हणायची. मी हसायचो नाही.

दोन वर्षांनी त्या वाचलेल्या जोडीला परत पिल्लं झाली. अक्काने पहिली मलाच हाक मारली. बादली माझ्या हातात दिली.
"घाल," म्हणाली.

मग तिची किडनी गेली. डायलिसिस सुरू झालं. पाणी मोजून, दिवसाला दोन पेले.
"माझ्यातच दुष्काळ पडला बघ," म्हणायची.

शेवटच्या दुपारी तिने डोळे उघडले.
"बाळू, तोंडात थोडं पाणी घाल."

एक चमचा घातला. तिने दुसरा मागितला.
डॉक्टर नको म्हणाले होते. मी नाही घातला.
आयुष्यभर मी नको तिथं चुकलो. तिथं तरी चुकायला पाहिजे होतं.

जलदानाला मी कालच बादली भरून ठेवली होती, वर फडकं. मावशी म्हणाली, अरे, शिळं पाणी देतात का? मी म्हणालो, अक्काला हेच चालतं.

गाथा चालू असताना बौद्धाचार्य हळूच म्हणाले, "पाणी टाका, दादा."
मी तांब्या तसाच धरून राहिलो. ते पुन्हा म्हणाले.
"घालतो," म्हणालो आणि ताटातल्या वाटीत पाणी घातलं. वाटी भरली, भरून ताटात सांडली.

ते पाणी झाडाला देतात. मी टँककडे नेलं.
दगडावर तिची पिल्लं चिकटून बसली आहेत. अकरा आहेत. मोजली.

जय भीम, अक्का.
पाणी घातलंय.