फोकसरावांची भिंत

त्यांचं खरं नाव आवारात कुणाला आठवत नसे आणि त्यावाचून कुणाचं अडतही नसे. सगळे त्यांना फोकसराव म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना त्यात कौतुकच ऐकू येई. एकटी वहिनी तेवढी त्यांना भावजी म्हणायची. नवरा गेला तरी धाकटा दीर तो दीरच. कपड्याची शिवण उसवता येते, नात्याची कुठे उसवता येते? येत असती तर तिने ती केव्हाच उसवली असती, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.

वहिनी पुढच्या इमारतीत तळमजल्यावर राहायची. खोली एकच. पुढच्या भागात शिलाई मशीन, मागच्या भागात खाट आणि शेगडी. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं, लोकांची पोटं सुटली की कंबर वाढवून देणं, यावर तिचं घर चालत होतं. फोकसराव मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहात. दोन्ही इमारतींच्या मध्ये फरसबंदीचं आवार, आणि त्यांच्या खिडकीच्या बरोबर समोर वहिनीच्या खोलीची बाहेरची भिंत. उघड्या विटांची, गिलावा न केलेली. जेवणाचा डबा मात्र रोज तिच्याकडून वर जाई.

फोकसराव एका मालवाहतूक कंपनीत कारकून होते. ऐन पंचविशीत त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कुठल्याशा स्पर्धेत फोटोसाठी बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून यांच्या डोक्यात किडा शिरला. त्यांनी कॅमेरा घेतला. पहिल्या वर्षीचे त्यांचे फोटो वहिनीने पाहिले होते. कुणाचं डोकं कापलेलं, कुणाच्या चेहऱ्यावर अंधार आणि मागच्या कपाटावर लख्ख उजेड. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. वहिनीनेही शिकताना दोन्ही पाय एकाच बाजूचे असलेली पँट शिवली होती. पण ती पुढची पँट नीट शिवायला बसली. फोकसराव दुकानात गेले. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण ऐकलेलं असतं. फोकसरावांनी दर दोन वर्षांनी नवं अंगण विकत आणलं.

लेन्स आली. मग लांबची लेन्स आली, मग जवळची, मग दोन्हींच्या मधली. कॅमेरा उभा करायला तीन पायांचं तिकाटणं आलं, ते हलतं म्हणून जड तिकाटणं आलं, ते उचलवत नाही म्हणून त्याला चाकांची पेटी आली. लेन्स पुसायला खास फडकं, आणि ते फडकं मळू नये म्हणून त्याला वेगळा डबा. कॅमेऱ्यांना दमट हवा सोसत नाही म्हणून त्यांच्यासाठी हवाबंद कपाट होतं, त्यात हवेतला ओलावा दाखवणारा काटा होता. फोकसराव स्वतः ओल आलेल्या भिंतीला पाठ लावून झोपत आणि वर्षभर खोकत.

आवारात कुणीही कॅमेरा घ्यायचा म्हटला की तो त्यांच्याकडे सल्ल्याला जाई आणि दोन तासांनी डोकं धरून बाहेर पडे. सेन्सर केवढा, लेन्सचं तोंड किती उघडतं, कुठल्या कंपनीने यंदा काय घाण केली, सगळं त्यांना पाठ. एक प्रश्न मात्र त्यांनी कधी कुणाला विचारला नाही: फोटो कशाचे काढणार? वहिनीकडे कापड घेऊन कुणी आलं की ती आधी विचारायची, घालणार कोण. तिला वाटे, एवढं साधं तर कुणालाही सुचावं.

माणसांचे फोटो ते काढत नसत. माणसं हलतात. एकदा वहिनीला दुकानाच्या परवान्यासाठी फोटो हवा होता. यांनी तिला स्टुलावर बसवलं, एका बाजूने दिवा लावला, दुसऱ्या बाजूने पांढरा पुठ्ठा धरायला तिलाच दिला, आणि हात भरून आल्यावर सांगितलं, "वहिनी, या लेन्सला चेहरा मानवत नाही." ती तशीच उठून नाक्यावरच्या दुकानात गेली. तिथे दोन मिनिटांत काम झालं. फोटोत ती चिडलेली दिसते, पण ती तीच दिसते.

भिंत हलत नाही. भिंत पापणी मिटत नाही, वर एक कॉपी मागत नाही. शिवाय विटांच्या सरळ रेषा असतात, त्यामुळे लेन्स कडेपर्यंत नीट दिसते की नाही ते कळतं. म्हणून प्रत्येक नवी लेन्स आली की फोकसराव खिडकीत तिकाटणं उभं करत आणि वहिनीच्या भिंतीचा फोटो काढत. सकाळच्या उजेडात एक, दुपारच्या एक, ढग असतील तर आणखी चार. वर्षानुवर्षं. कुणी प्रेमात पडून खिडकीत उभा राहिला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं.

मग त्यांनी फोटो सुधारण्याचा एक कोर्स केला. कोर्सच्या मास्तरांनी शिकवलं की चौकटीत नको ते ठेवायचं नाही. त्यासाठी कॉम्प्युटरवर एक ब्रश असतो. नको त्या जागेवर फिरवला की ती जागा गायब होते आणि आजूबाजूसारखीच होऊन बसते. फोकसरावांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. फोटो चांगला काढण्यापेक्षा काढलेला पुसणं त्यांना फार लवकर जमलं.

त्याच सुमारास पलीकडच्या मोकळ्या जागेवर खोदकाम सुरू झालं. मोठी इमारत व्हायची होती, खड्डा चांगला तीन मजले खोल. यंत्राचे घाव दिवसभर बसत आणि वहिनीच्या डबीतल्या टाचण्या नाचत. थोड्याच महिन्यांत बाहेरच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली एक भेग निघाली. आधी दोऱ्याएवढी होती. नंतर तिच्यात वहिनीची छोटी कात्री मुठीपर्यंत जायला लागली.

खोदकामावरचा सुपरवायझर म्हणाला, "बाई, घर जुनं, भेग जुनी. आमच्या माथी कशाला मारता?"

"खोदायच्या आधी नव्हती ती," वहिनी म्हणाली.

"तुम्ही तसंच म्हणणार."

नगरपालिकेचे इंजिनीअर पाहणीला येणार असं ठरलं. भेग खोदकामामुळे पडली असं सिद्ध झालं तर बांधकामवाल्याने पाया बळकट करून भिंत दुरुस्त करून द्यायची. भेग जुनी ठरली तर घर धोकादायक, आणि धोकादायक घरात कुणाला ठेवत नाहीत. म्हणजे वहिनीची खोली गेली, मशीन गेलं, दाराशी येणारं गिऱ्हाईक गेलं. या वयात नव्या गल्लीत जाऊन कुणाच्या कमरा वाढवायच्या? तिच्या शब्दाला किंमत नव्हती. तिला पुरावा हवा होता.

डबा द्यायला वर गेली तेव्हा तिला खिडकीतलं तिकाटणं दिसलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. आवारात त्या भिंतीकडे इतकी वर्षं रोज बघणारा एकच माणूस होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिने डबा ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "भावजी, तुमचे फोटो दाखवता का?"

फोकसराव इतके हरखले की डबा विसरले. त्यांनी तिला खुर्ची दिली, पडदे ओढले, स्क्रीनवरची धूळ फुंकली. खोदकामाच्या आधीच्या वर्षीचे फोटो निघाले. भिंत स्वच्छ, धडधाकट, वीट न् वीट मोजून घ्यावी. कोपऱ्यात तारीख. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. फोकसरावांना वाटलं, फोटो बघून आलं.

"आता अलीकडचे दाखवा. भेग पडल्यानंतरचे."

त्यांनी गेल्या आठवड्यातला फोटो उघडला. भिंत स्वच्छ, धडधाकट. वहिनीने पडदा बाजूला करून बाहेर पाहिलं. समोर भेग आ वासून होती. तिने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"कुठे कळतंय का?" फोकसराव हसत म्हणाले. "पुसली. सुरुवातीला विटांचे सांधे जुळायचे नाहीत, आता बघा."

"आणि मूळ फोटो?"

"ते कशाला ठेवायचे? किती जागा खातात ते. जुनेसुद्धा सगळे परत उघडून सुधारले मी. डाग, खिळे, ओघळ, सगळं साफ."

"भावजी," वहिनी शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाली, "त्या जुन्या फोटोंत भेग होती का? तुम्ही पुसलीत का?"

फोकसराव विचारात पडले. खरोखरच विचारात पडले, ढोंग नव्हतं. "सांगता येत नाही, वहिनी. मी कोपरे बघत होतो. लेन्सची खरी परीक्षा कोपऱ्यात असते. मधलं काय, सगळ्याच लेन्सचं चांगलं येतं."

तिला वाटलं, तिकाटणं उचलावं आणि लेन्सच्या कपाटावर घालावं. बारा लेन्समधून एकच भिंत बघणाऱ्या या माणसाला भिंत दिसली नव्हती. तिने स्वतःला आवरलं, कारण खोली तिची जाणार होती, त्यांची नव्हे. भेग आधी नव्हती हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच भिंतीला मशीन टेकवून ती वीस वर्षं बसली होती आणि बाहेरच्या बाजूला स्वतःच्या हाताने दोरी बांधून कपडे वाळत घालत होती. जुना फोटो खोटं बोलत नव्हता. फक्त फोकसरावांनी नको तिथे तोंड उघडू नये, एवढंच हवं होतं.

"आपण फक्त आधीचा फोटो दाखवायचा," ती म्हणाली. "भेग तर साहेब डोळ्यांनी बघतीलच. नंतरच्या फोटोंचं नाव काढायचं नाही. पुसण्याचंही नाही. तुम्ही मिठाची गुळणी धरून बसायचं. जमेल?"

"मला काय वेड लागलंय का, वहिनी?" फोकसराव दुखावून म्हणाले.

इंजिनीअर आले. मध्यमवयीन, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी भेगेत पट्टी घालून पाहिली, खड्ड्याकडे पाहिलं, मग आवारात मांडलेल्या वहिनीच्या कापायच्या टेबलाशी येऊन बसले. फोकसराव इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप मांडीवर घेऊन तयार होते. त्यांनी जुना फोटो दाखवला, तारीख दाखवली, आणि तोंड मिटलं. वहिनीला वाटलं, माणसाला आपण उगाच इतकी वर्षं नावं ठेवली.

"हे बरं झालं," इंजिनीअर म्हणाले. "असा पुरावा सहसा कुणाकडे नसतो." त्यांनी पेन उघडलं आणि लिहायला घेतलं. खोदकामापूर्वी भिंत सुस्थितीत. वहिनी उलट्या बाजूने एकेक अक्षर वाचत होती. शेजारी उभ्या सुपरवायझरचा चेहरा पडला होता. काहीतरी बोलायचं म्हणून, कसलाही डाव मनात नसताना, तो मान पुढे करून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मोबाईलवर काढलाय वाटतं."

वहिनीने फोकसरावांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. तिने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला.

"मोबाईल?" फोकसराव म्हणाले. "ही भिंत आहे ना समोर? हिच्यावर भेग आहे ना? आता हा गेल्या आठवड्याचा फोटो बघा आणि सापडली भेग तर मला दाखवा. मोबाईलला जमेल हे?"

त्यांनी फोटो उघडला. मग त्याआधीचा उघडला, मग त्याच्याही आधीचा. सांधे कसे जुळवले ते सांगितलं. विटेवर वीट कशी चढवायची, सावली कुठून उचलायची, तेही सांगितलं. आयुष्यात एवढं लक्ष देऊन त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. सुपरवायझर तर खाली वाकून बघत होता आणि प्रत्येक फोटोला "वा" म्हणत होता. इंजिनीअरांनी शेवटी चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे पहिल्या फोटोतही पुसलेली असू शकते?"

"असू शकते," फोकसराव अभिमानाने म्हणाले. "मलाही ओळखता येणार नाही."

इंजिनीअरांनी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. वाईट त्यांनाही वाटलं असावं, कारण ते वहिनीकडे न बघता म्हणाले, "बाई, याला पुरावा म्हणता येत नाही." मग कागद आवरले, आणि जाता जाता फोकसरावांशी थांबून दोन शब्द बोलले.

वहिनी खोलीत गेली. मशीनवर अर्धी उसवलेली पँट तशीच होती. तिने ती उचलली, घडी घातली आणि पिशवीत टाकली. मग खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. तेवढ्यात दारात फोकसराव आले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान तिने या आधी कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, साहेबांनी विचारलं, हा ब्रश कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. त्यांच्या वडिलांचा एक जुना फोटो आहे, त्यावर डाग पडलाय. रविवारी घेऊन येणार आहेत. माझ्याकडे."

इतक्या वर्षांत तिने त्यांना मनातल्या मनात नाही नाही ते म्हटलं होतं, पण त्या क्षणी तिला एकही शब्द पुरेसा वाटेना. ती उठली आणि त्यांच्या तोंडावर दार लावायला गेली. भिंत खचल्यामुळे चौकट तिरपी झाली होती, दार अर्ध्यावर अडकलं. तिने खांदा लावून जोर केला, तरी फट राहिलीच. फटीतून फोकसराव दिसत होते. त्यांनी लॅपटॉप जपून काखेत धरला आणि मोकळ्या हाताने बाहेरून दार ओढून द्यायला मदत केली.

"हळू, वहिनी," ते म्हणाले. "भिंत आहे ती, पडेल."