एकही खाडा नाही

त्या लाँड्रीत पगारवाढीचं नाव काढलं की मालकाच्या कपाळाला आठ्या पडत. मग त्याला शक्कल सुचली: महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला लॉटरीचं तिकीट. युक्ती लागू पडली हो! तापाने फणफणलेल्या बायकाही कामावर हजर. मालकाला पगारवाढीपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं.

सगळ्यात जास्त तिकिटं इस्त्रीवालीची. लागलं एकही नाही. खाडा नको म्हणून ती थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला गेली नव्हती आणि थोरलीने तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. धाकटीला मात्र तिने येण्याचा शब्द दिला होता.

यंत्रांच्या घरघरीत हजेरीची हाक ऐकू जात नसे, म्हणून शेजारणीने शेजारणीसाठी ओरडायचं, अशी तिथली पद्धत. मुकादमाने "घडी?" म्हटलं की इस्त्रीवाली "आहे" म्हणायची, "इस्त्री?" म्हटलं की चादरींच्या घड्या घालणारी घडीवाली.

घडीवाली अचानक वारली. दुसऱ्या सकाळी मुकादमाने सवयीने "घडी?" विचारलं आणि इस्त्रीवालीच्या तोंडून सवयीनेच "आहे" निघून गेलं. दोघांनी जीभ चावली. महिनाअखेरीस घडीवालीच्या रिकाम्या टेबलावर तिकीट होतं. ते कोणी ठेवलं, हे कोणी कबूल करेना आणि त्याला हातही लावेना.

पुढचा महिना संपत आला आणि धाकटीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. इस्त्रीवालीने कामाकडे पाठ फिरवली. दिवसभर लेकीचा हात धरून बसली. नात झाली, तिला मांडीवर घेऊन पोटभर रडली. तिकीट गेलं उडत, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिच्या हातात तिकीट ठेवलं.

"काल मी नव्हते."

"नव्हतीस कशी? मी 'इस्त्री?' म्हटलं, शेजारून 'आहे' आलं. ही कालची इस्त्रीची थप्पी बघ, तुझ्याच हातची."

शेजारच्या, घडीवालीच्या टेबलाशी कोणी नव्हतं. तिने तिथूनच धाकटीला फोन लावला.

"बाळ कसं आहे गं?"



"आता विचारतेस होय?" धाकटी म्हणाली. "काल दिवसभर दाराकडे डोळे लावून होते मी. ताई म्हणालीच होती, आई काही यायची नाही."